सतरा हजार वस्तीच्या शहरात अव्वल दर्जाचा आईस हॉकी संघ कसा टिकतो?

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताच्या नैर्ऋत्य भागात, गव्हाची शेते आणि गुरांची कुरणे यांच्या मधोमध, ट्रान्स-कॅनडा महामार्गाच्या काठी स्विफ्ट करंट नावाचे शहर वसलेले आहे. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १७ हजारांहूनही थोडी कमी भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असावी की नगरपंचायत, असा प्रश्न पडेल. तरीही या शहराचा ‘स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज’ हा संघ कॅल्गरी आणि एडमंटन यांसारख्या दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांच्या संघांशी एकाच स्पर्धेत, एकाच नियमाने खेळतो आणि काही वेळा त्यांच्या वरचढही ठरतो. कॅनडाच्या सर्वोच्च ज्युनियर हॉकीतले हे सर्वांत लहान शहर मानले जाते. हे कसे जमते, आणि त्यासाठी कोणाला काय मोजावे लागले, हे समजून घ्यायचे तर आधी ही व्यवस्था समजून घ्यावी लागते.

येथे ज्या हॉकीविषयी बोलायचे आहे ती बर्फावरची हॉकी आहे. गोठवलेल्या बर्फाच्या मैदानावर, ज्याला ‘रिंक’ म्हणतात, प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक स्केट्सवर धावतात आणि चेंडूऐवजी ‘पक’ नावाची कडक रबराची चकती काठीने ढकलतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. नियम मोडणाऱ्या खेळाडूला बहुधा दोन मिनिटे मैदानाबाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ दुसऱ्या संघाकडे एक खेळाडू जास्त असतो, या अवस्थेला ‘पॉवर प्ले’ म्हणतात. क्रिकेटमधल्या पॉवर प्लेशी तिचा संबंध नाही, पण पुढे एका आकड्यासाठी ही संज्ञा लागणार आहे.

‘ज्युनियर’ हा शब्द ऐकल्यावर शालेय स्पर्धा डोळ्यांसमोर येते. कॅनडात मात्र ज्युनियर हॉकी म्हणजे साधारणपणे १६ ते २० वर्षे वयाच्या मुलांची, तिकिटे विकणारी, प्रशिक्षक पगारावर नेमणारी आणि शेकडो किलोमीटरचे दौरे करणारी स्पर्धा असते. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, या व्यावसायिक स्पर्धेत जाण्याचा हा नेहमीचा रस्ता आहे. वरच्या श्रेणीच्या ज्युनियर हॉकीचे तीन विभाग आहेत: पश्चिमेकडील वेस्टर्न हॉकी लीग, ओंटारियोची लीग आणि क्वेबेक व अटलांटिक किनाऱ्याची लीग. तिघींचे विजेते आणि एक यजमान संघ असे चार संघ दर वर्षी मेमोरियल कपसाठी खेळतात. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये सुरू झालेला हा चषक ज्युनियर हॉकीतला सर्वोच्च मान होय.

आता मुख्य मुद्दा. या संघात शहरातली मुले फारशी नसतात. पश्चिमेकडील लीगचे संघ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची आळीपाळीने निवड करतात, आणि ज्या संघाने नाव घेतले त्या संघाच्या गावी मुलगा सोळाव्या वर्षी राहायला जातो. तेथे तो ‘बिलेट’ कुटुंबात राहतो, म्हणजे गावातलेच एखादे घर त्याला आपल्या मुलासारखे सांभाळते, दोन वेळचे जेवू घालते आणि शाळेत पाठवते. संघ त्या घराला खर्चापोटी थोडी रक्कम देतो, मुलाला किरकोळ भत्ता मिळतो, आणि लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च नंतर मिळण्याची तरतूद असते. मुलाला न विचारता त्याची दुसऱ्या संघाशी अदलाबदलही होऊ शकते. डिसेंबरात एका घरातून बॅगा भरून जानेवारीत चारशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या घरात उतरणारा सतरा वर्षांचा मुलगा हे या जगातले नित्याचे दृश्य आहे. म्हणजे संघ शहराचा असला, तरी मुले दुसऱ्यांची असतात. शहर त्यांच्यावर घर, शाळा आणि माया खर्च करते आणि त्यांना घडवण्याचा जवळजवळ सगळा अधिकार प्रशिक्षकाच्या हाती देते. स्विफ्ट करंटच्या इतिहासातले चांगले आणि वाईट, दोन्ही याच रचनेतून निघाले, असे मला वाटते.

१९६६ पूर्वी एनएचएलचे संघ ज्युनियर संघांना पैसा पुरवत आणि त्या बदल्यात तेथील खेळाडूंवर हक्क ठेवत. ही पद्धत मोडीत निघत असतानाच एडमंटनचे बिल हंटर, एस्टेव्हनचे स्कॉटी मनरो आणि इतर काही मंडळींनी पश्चिमेत स्वतःची बळकट लीग उभारली. राष्ट्रीय संघटनेने सुरुवातीला तिला मान्यता नाकारली आणि काही काळ ती बंडखोर लीग म्हणूनच ओळखली गेली. दुसऱ्याच हंगामात, १९६७ मध्ये, स्विफ्ट करंट तिच्यात सामील झाले. ते कॅनडाच्या संघराज्याचे शताब्दी वर्ष होते आणि गावोगावी शताब्दीच्या नावाने सभागृहे व रिंक बांधल्या जात होत्या. स्विफ्ट करंटची रिंकही त्याच काळातली आहे. तिच्यात सुमारे तीन हजार माणसे मावतात, आणि ती भरली की शहराचा सहावा हिस्सा एका छपराखाली आलेला असतो.

पहिल्या पर्वात संघाला चषक मिळाला नाही, पण खेळाडू मिळाले. जवळच्या व्हॅल मेरी या खेड्यातला ब्रायन ट्रॉटिये येथे १९७२ ते १९७४ खेळला आणि पुढे एनएचएलच्या न्यूयॉर्क आयलंडर्स संघाच्या सलग चार स्टॅन्ली कप विजयांचा, म्हणजे त्या लीगच्या विजेतेपदांचा, आधारस्तंभ झाला. वेबर्नचा टायगर विल्यम्स हा त्याचा त्याच संघातला सोबती. पण तीन हजारांची रिंक, लांबच लांब प्रवास आणि वाढता खर्च यांचे गणित जुळेना. १९७४ मध्ये संघ शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिज या मोठ्या शहरात नेण्यात आला. ‘ब्रॉन्कोज’ हे नाव, म्हणजे न माणसाळलेले घोडे, तेही संघाबरोबर गेले.

त्या काळी या प्रदेशातल्या लहान गावांचे हे ठरलेलेच प्राक्तन होते. एस्टेव्हनचा संघ १९७१ मध्ये प्रशांत किनाऱ्याजवळच्या न्यू वेस्टमिन्स्टरला गेला, आणि खाणकामगारांच्या फ्लिन फ्लॉनचा संघ, ज्यातून एनएचएलचा नामवंत खेळाडू बॉबी क्लार्क पुढे आला, तो १९७८ मध्ये एडमंटनला. ही गावे पुन्हा कधीच वरच्या श्रेणीत परतली नाहीत. स्विफ्ट करंट मात्र बारा वर्षांनी परतले. १९८६ मध्ये जॉन रिटिंगर यांच्या पुढाकाराने स्थानिक लोकांनी लेथब्रिजचा संघ विकत घेऊन माघारी आणला. ज्या संघाला परवडत नाही म्हणून घालवले, तोच नावासकट परत आणणे हा हौसेचा मामला खराच. पण या वेळी मालकीची रीत वेगळी होती, आणि टिकाव लागण्याचे मोठे कारण तेच आहे.

ब्रॉन्कोज हा लोकमालकीचा, नफा न वाटणारा संघ आहे. पश्चिमेकडील लीगमध्ये असे संघ मोजकेच आहेत. मूस जॉ आणि प्रिन्स अल्बर्ट हे त्यांपैकी. कोणी एक धनको मालक नाही. निवडलेले संचालक मंडळ कारभार पाहते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्च मांडते. सहकारी संस्थांच्या सभांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे चित्र परके वाटू नये, फरक इतकाच की येथे सभासदाला लाभांश मिळत नाही. चांगल्या वर्षीची शिल्लक वाईट वर्षासाठी ठेवली जाते. तिकीट फाडण्यापासून सोडतीची तिकिटे विकण्यापर्यंतची कामे स्वयंसेवक करतात. असा संघ तोट्यात गेला तर मालक त्याला उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही, कारण नेणारा मालकच नाही.

परतीच्या पहिल्याच हंगामात, ३० डिसेंबर १९८६ रोजी, संघाची बस रेजायना शहरातल्या सामन्यासाठी निघाली. रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा थर होता, जो डांबराच्या रंगात मिसळून जातो आणि चालकाला दिसत नाही. शहराबाहेर थोड्याच अंतरावर बसचा ताबा सुटला, ती रस्ता सोडून बाहेर फेकली गेली आणि कुशीवर आदळली. मागच्या बाजूला बसलेले चार खेळाडू मृत्युमुखी पडले: ट्रेंट क्रेस, स्कॉट क्रुगर, क्रिस मंटायका आणि ब्रेंट रफ. रफ सोळा वर्षांचा होता. क्रुगर त्याच शहरातला, त्यामुळे एका घरात हे दुःख दुहेरी होते, संघाचे आणि पोटच्या मुलाचे. वाचलेल्यांत पुढे एनएचएलचा महान खेळाडू ठरलेला जो सॅकिक होता, आणि शेल्डन केनेडीही होता.

संघाने हंगाम सोडायचा नाही असे ठरवले. खेळाडूंच्या गणवेशावर चार पानांच्या क्लोव्हरचे, म्हणजे शुभ मानल्या जाणाऱ्या एका रानवनस्पतीचे, चिन्ह आले आणि त्याच्या पानांवर ८, ९, ११ आणि २२ हे चौघांचे क्रमांक. सॅकिकने त्या हंगामात ६० गोल केले. लीगने वर्षातील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला ‘फोर ब्रॉन्कोज’ असे नाव दिले, आणि सुरुवातीच्या मानकऱ्यांत सॅकिकच होता. अपघाताच्या जागेजवळ महामार्गाच्या कडेला क्लोव्हरच्या आकाराचे स्मारक उभे राहायला मात्र २०१६ चा डिसेंबर उजाडला. त्या कोवळ्या मुलांना व्यावसायिक मानसोपचाराची मदत तेव्हा मिळाली नाही. आपले दुःख आपणच, संघाच्या खोलीतच, सोसायचे असा पवित्रा घेतला गेला. हा पवित्रा प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स याचा होता, आणि त्यामागचा अर्थ दहा वर्षांनी अनेकांना कळला.

त्याआधी विजय आला. १९८८-८९ च्या हंगामात ब्रॉन्कोजने ७२ पैकी ५५ सामने जिंकले. जेम्सचा संघ धसमुसळेपणापेक्षा वेगावर आणि नेमक्या पासवर खेळे. प्रतिस्पर्ध्याचा माणूस बाहेर बसला की त्या दोन मिनिटांत तो गोल करणार असे जवळजवळ गृहीत धरले जाई. त्या हंगामातले १८० गोल या पॉवर प्लेमधले होते. बाद फेरीत संघ बाराच्या बारा सामने जिंकून लीगचा विजेता झाला. मेमोरियल कपची स्पर्धा त्या वर्षी सस्कॅचेवानमध्येच, सॅस्कटूनला, भरली होती, आणि अंतिम सामन्यात यजमान सॅस्कटून ब्लेड्स समोर होते. जादा वेळेत टिम टिसडेलने गोल करून ४-३ असा विजय मिळवला. गोलरक्षक ट्रेव्हर क्रुगर आणि बचावफळीतला डॅरेन क्रुगर हे अपघातात गेलेल्या स्कॉटचे भाऊ. अपघाताला तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती. कॅनडाच्या वृत्तपत्रांना याहून चांगली बातमी कोठून मिळणार? शोकातून उठलेले छोटे गाव आणि त्याला उठवणारा बुद्धिमान प्रशिक्षक. जेम्सला हॉकीविषयक एका प्रमुख साप्ताहिकाने वर्षाचा मानकरी ठरवले.

१९९६ मध्ये शेल्डन केनेडी कॅल्गरी पोलिसांकडे गेला आणि आपल्या किशोरवयापासून जेम्स वर्षानुवर्षे आपले लैंगिक शोषण करत होता, असे त्याने सांगितले. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सने गुन्हा कबूल केला. दोन खेळाडूंवर मिळून साडेतीनशेहून अधिक वेळा अत्याचार झाल्याचे न्यायालयापुढे आले आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे आणखी खेळाडू बोलू लागले, त्यांत एनएचएलचा नामवंत खेळाडू थिओ फ्ल्यूरीही होता, आणि जेम्सला २०१२ व २०१५ मध्ये पुन्हा शिक्षा झाल्या. दरम्यान २००७ मध्ये त्याला सरकारी माफीही मिळून गेली होती. २०१० मध्ये ते उघड झाल्यावर इतका गदारोळ झाला की अशा माफीचा कायदाच कडक करण्यात आला.

हे इतकी वर्षे कसे झाकले गेले, याचे उत्तर वर सांगितलेल्या रचनेत आहे. मुलगा घरापासून दूर आहे. त्याला सामन्यात किती वेळ खेळवायचे, दुसऱ्या संघाला द्यायचे की ठेवायचे, एनएचएलच्या माणसांना त्याच्याविषयी काय सांगायचे, हे सारे एकाच माणसाच्या हातात आहे. बिलेट कुटुंब मायाळू असले, तरी प्रशिक्षकाने मुलाला घरी बोलावले तर शंका कशाला घेईल? संचालक मंडळावर शेजारीपाजारीच होते, आणि ज्याने संघ सावरला आणि चषक आणला त्याला प्रश्न विचारणे म्हणजे गावाच्या एकमेव अभिमानाला हात घालणे होते. मोठ्या शहरात असे होत नाही असे मुळीच नाही. पण जो जिव्हाळा तोट्याच्या वर्षी संघाला तारतो, तोच जिव्हाळा संशयाला दाराबाहेर ठेवतो, हे येथे स्पष्ट दिसले.

केनेडीने १९९८ मध्ये चाकांच्या स्केट्सवर कॅनडा ओलांडून शोषणग्रस्तांसाठी निधी उभा केला. २००४ मध्ये त्याने एका सहकाऱ्यासह ‘रिस्पेक्ट ग्रुप’ ही संस्था काढली, आणि मुलांचे प्रशिक्षक व पालक यांनी गैरवर्तन कसे ओळखावे याचे तिचे प्रशिक्षण आज कॅनडाच्या क्रीडाक्षेत्रात मोठ्या प्रमाणावर सक्तीचे आहे.

मैदानावरचा इतिहास त्यानंतरही चालू राहिला. १९९३ मध्ये, म्हणजे जेम्सच्याच काळात, लीगचे दुसरे विजेतेपद आले होते. तिसऱ्यासाठी पंचवीस वर्षे लागली. लहान शहराचा संघ सलग दहा वर्षे बलवान राहू शकत नाही, म्हणून तो चक्राने चालतो. काही वर्षे हरत तरुण मुले जमवायची, ती एकोणीस-वीस वर्षांची झाली की पुढच्या निवडींचे हक्क आणि कोवळे खेळाडू देऊन अनुभवी खेळाडू घ्यायचे आणि एका हंगामावर सारे पणाला लावायचे. २०१७-१८ मध्ये स्विफ्ट करंटने हेच केले. हंगामाच्या मध्यावर त्यांनी गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर आणि दोन आक्रमक खेळाडू आणले, तेही लेथब्रिजमध्ये नंतर आलेल्या संघाकडून, जेथे एकेकाळी त्यांचा स्वतःचा संघ गेला होता. कर्णधार ग्लेन गॉडिन आणि फिनलंडचा अलेक्सी हेपोनिएमी आधीपासून होतेच. अंतिम फेरीत अमेरिकेतल्या एव्हरेट शहराच्या संघाला हरवून त्यांनी लीग जिंकली. रेजायनाच्या मेमोरियल कप स्पर्धेत मात्र त्यांना एकही सामना जिंकता आला नाही. पुढच्या हंगामात उधारी चुकती करावी लागली: ६८ सामन्यांत केवळ ११ विजय. स्किनर पुढे एनएचएलच्या एडमंटन ऑयलर्स संघाकडून २०२४ आणि २०२५ अशा दोन स्टॅन्ली कप अंतिम फेऱ्या खेळला.

त्याच २०१८ च्या वसंतात, ६ एप्रिल रोजी, सस्कॅचेवानमधल्याच हंबोल्ट या आणखी लहान शहराच्या संघाची बस एका मालवाहू ट्रकशी धडकली आणि १६ जण मरण पावले. तो संघ खालच्या श्रेणीचा, पण नाव तेच, ब्रॉन्कोज. १९८६ च्या अपघातातून वाचलेले काही जण, त्यांत केनेडीही, आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. ते हंबोल्टला जाऊन जखमी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटले. स्वतःला जे मिळाले नव्हते ते देण्यासाठी गेले, असे म्हणता येईल. या अपघातानंतर सस्कॅचेवानने ट्रकचालकांना सक्तीचे प्रशिक्षण लागू केले, आणि सप्टेंबर २०२० पासून कॅनडात नव्याने बनणाऱ्या मोठ्या बसगाड्यांत सीटबेल्ट अनिवार्य झाले.

स्विफ्ट करंटपुढचा आताचा प्रश्न रस्त्याचा नाही, नियमाचा आहे. अमेरिकी विद्यापीठांची क्रीडा संघटना कॅनडाच्या या तीन लीगमध्ये खेळलेल्या मुलांना व्यावसायिक समजून आपल्या स्पर्धांत घेत नसे, त्यामुळे सोळाव्या वर्षी एकदा बस धरली की मुलगा विसाव्या वर्षापर्यंत ज्युनियरमध्येच राहण्याची शक्यता असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही बंदी उठवण्याचे ठरले आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ती उठली. त्याच उन्हाळ्यात, याच महामार्गावर पश्चिमेला असलेल्या मेडिसिन हॅट शहराच्या संघाचा सर्वांत गाजलेला खेळाडू गॅव्हिन मॅकेना सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाकडे गेला. मुलांच्या दृष्टीने ही बरी गोष्ट आहे, कारण त्यांच्या हाती पहिल्यांदाच दुसरा पर्याय आला. पण ज्या संघाचे सारे गणित मुले एकोणीस-वीस वर्षांची होईपर्यंत थांबण्यावर उभे आहे, त्याला ते मांडायला नव्याने बसावे लागणार आहे.